उपवासकाळ आणि घरातील ज्येष्ठ

फेब्रुवारीत किंवा मार्चच्या आरंभी एका बुधवारी वसईतील कॅथलिक शाळांची मुले कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात बसलेली दिसतात. हा राखेचा बुधवार. येथून ईस्टरपर्यंतचा, रविवार वगळता 40 दिवसांचा काळ म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ. येशूने अरण्यात केलेल्या 40 दिवसांच्या उपवासाचे हे स्मरण. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म हे त्याचे तीन आधार. या दिवसांत वर्गात एक पेटी ठेवली जाते आणि मुले आपल्या खाऊचे पैसे तीत टाकतात. कोणी चॉकलेट सोडतो, कोणी मोबाईलवरचे खेळ. शुक्रवारी चौदा स्थानांवर थांबत ‘क्रुसाची वाट’ ही प्रार्थना होते.

मुलांचा हा उत्साह घरी येतो आणि आजी-आजोबांच्या मनाला भिडतो. परिचयातील एका घरात पाचवीतल्या नातवाने सहज विचारले, “आजी, तू काय सोडलंस?” आजींचे वय 74, मधुमेह जुना. त्या काही बोलल्या नाहीत. परंतु दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळची न्याहारी गुपचूप बंद केली. मधुमेहाची गोळी मात्र नेहमीच्या वेळी घेत राहिल्या. चौथ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात घामाघूम झालेल्या आणि असंबद्ध बोलताना सुनेला आढळल्या. ‘वयोमानाने होते असे’ म्हणून ती स्वस्थ बसली असती तर अनर्थ ओढवला असता. तिने घरच्या यंत्रावर रक्तातील साखर तपासली. ती फार खाली गेली होती. साखरपाणी पोटात गेल्यावर आजी हळूहळू सावरल्या. नंतर एवढेच म्हणाल्या, “लेकरं त्याग करतात आणि मी म्हातारी खात बसू?”

त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या धर्मातच आहे.

नियम काय सांगतो?

कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेतील 1252 व्या नियमानुसार उपवासाचे बंधन वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच असते. तेही राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी. त्या दिवशीही एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडे अन्न चालते. मांसवर्ज्य करण्याचा नियम वयाच्या 14 व्या वर्षानंतर लागू होतो. मात्र आजारी व्यक्तींना त्यातून मोकळीक असते. मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एक तास काही न खाण्याची प्रथा आहे. त्यातूनही 919 व्या नियमाने वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही सूट दिली आहे. रात्र रात्र उशाशी बसणाऱ्या लेकी-सुनांचाही येथे विचार झाला आहे, हे विशेष.

ज्येष्ठांच्या मनात अपराधभाव असेल तर घरच्यांनी वाद घालू नये. धर्मगुरूंशी त्यांची भेट घालून द्यावी. तोच शब्द धर्मगुरूंच्या मुखातून आला की मन लवकर निवते.

शरीराचे गणित

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण चुकवले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, थरथर, धडधड ही तिची नेहमीची लक्षणे. ज्येष्ठांमध्ये मात्र कधी केवळ गोंधळलेपण, चिडचिड किंवा तोल जाणे एवढेच दिसते. रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडावाटे काहीही न देता तातडीने रुग्णालय गाठावे.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. हा काळ उन्हाळ्याच्या तोंडावर येतो आणि शुभ शुक्रवारची उपासना बहुधा दुपारी तीनच्या सुमारास असते. लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पाणी कमी पडून चक्कर येण्याची भीती अधिक. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी सांगितलेलेच ठेवावे. कित्येक ज्येष्ठ चाळीसही दिवस मांस, मासे, अंडी वर्ज्य करतात. त्यांच्या ताटात डाळ, उसळ, दूध, दही यांची भर न पडल्यास स्नायूंची झीज वाढते.

कुटुंबाने काय करावे?

उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. गोळ्यांच्या वेळा मनाने बदलू नयेत. ‘तू आज काय खाल्लेस?’ अशी उलटतपासणी घेण्यापेक्षा सोबत बसून न्याहारी करावी. मंदिरात गुडघे टेकणे शक्य नसेल तर खुर्चीवर बसून केलेली प्रार्थना उणी ठरत नाही. बसल्या जागेवरून हळूहळू उठावे. ईस्टरच्या पूर्वरात्री दिवे मालवून मेणबत्त्यांच्या उजेडात उपासना सुरू होते. तेव्हा पायऱ्यांवर कोणीतरी हात धरावा. ईस्टरच्या दिवशी मार्झिपॅनचे अंडे समोर आले तर मधुमेहींनी एक लहान तुकडा घ्यावा आणि तो जेवणाच्या हिशेबात धरावा.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील 58 व्या अध्यायात खरा उपवास कोणता, याचे विवेचन आहे. भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा देणे आणि निराश्रिताला घरात घेणे, असा त्याचा आशय. एकादशी निष्ठेने करणाऱ्या घरांनाही हा विचार परका वाटू नये.

त्या आजींनी न्याहारी पुन्हा सुरू केली आणि दुपारची दूरदर्शन मालिका सोडली. तो वेळ त्या अंथरुणाला खिळलेल्या शेजारणीपाशी बसून घालवतात. नातवाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे.