तौलनिक साहित्याभ्यास

एकाहून अधिक भाषांतील वा संस्कृतींतील साहित्याचा, त्यांचे परस्परसंबंध ध्यानात घेऊन केलेला अभ्यास. दोन कवींचे गुणदोष शेजारीशेजारी मांडणे एवढाच अर्थ ‘तौलनिक’ या शब्दातून पुष्कळदा घेतला जातो. परंतु कालिदास थोर की शेक्सपिअर, यासारख्या प्रश्नांशी या ज्ञानशाखेला फारसे कर्तव्य नाही. एखादा साहित्यप्रकार, आशयसूत्र, वृत्त किंवा कथा एका भाषेतून दुसरीत जाताना काय टिकते, काय गळते आणि नवे काय उपजते, याचा शोध हे तिचे मुख्य कार्य होय. एकाच सामाजिक स्थितीतून परस्परांशी संपर्क नसलेल्या दोन साहित्यांत सारख्या गोष्टी का निर्माण होतात, हा प्रश्नही तिच्या कक्षेत येतो.

या विचाराचा उगम शोधताना जर्मन कवी गटे याचे नाव प्रथम घेतले जाते. एका चिनी कादंबरीच्या वाचनाच्या संदर्भात एकरमानशी बोलताना त्याने जानेवारी १८२७ मध्ये विश्वसाहित्याची कल्पना मांडली. १८७७ मध्ये कोलोझ्वार (सध्याच्या रूमानियातील क्लूझ) येथे ह्यूगो मेल्ट्‌सल व सामूएल ब्राशाई यांनी या विषयाला वाहिलेले एक बहुभाषी नियतकालिक सुरू केले. १८८६ मध्ये हचिसन मेकॉले पॉझ्नेट याचा तौलनिक साहित्यावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्यापीठीय विषय म्हणून तो पुढे फ्रान्समध्ये स्थिरावला. फ्रेंच अभ्यासकांचा भर एका देशातील लेखकाचा दुसऱ्या देशातील लेखकावर पडलेला प्रभाव पुराव्यानिशी दाखविण्यावर होता. ही पद्धती काटेकोर खरी. पण तिच्यात साहित्यकृतीपेक्षा तिच्या आयातनिर्यातीचा हिशेबच मोठा होऊन बसला. अमेरिकेत चॅपेल हिल येथे १९५८ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रेने वेलेक याने नेमक्या याच मुद्द्यावर कठोर टीका केली आणि साहित्यकृतीच्या साहित्यगुणांकडे लक्ष वळविले. तथापि फ्रेंच काय किंवा अमेरिकन काय, दोन्ही संप्रदायांचे ‘विश्व’ बव्हंशी पश्चिम यूरोपापुरतेच मर्यादित होते.

भारतात या विषयाला निराळे वळण लागले. राष्ट्रीय शिक्षण परिषदेसाठी १९०७ मध्ये दिलेल्या व्याख्यानात रवींद्रनाथ टागोरांनी तौलनिक साहित्याला ‘विश्वसाहित्य’ असे नाव दिले. याच परिषदेच्या शिक्षणकार्यातून पुढे यादवपूर विद्यापीठ (कलकत्ता) उभे राहिले आणि तेथे १९५६ मध्ये कवी बुद्धदेव बसू यांच्या नेतृत्वाखाली तौलनिक साहित्याचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. भारतातील असा हा पहिला विभाग होय. बसूंनी मेघदूताचे व बोदलेअरच्या कवितेचे बंगाली अनुवाद केले होते. कवी सुधींद्रनाथ दत्त तेथे अध्यापन करीत. ग्रीक व लॅटिन अभिजात साहित्य शिकविण्यासाठी फादर रॉबेर आंत्वान हे जेझुइट विद्वान होते. संस्कृत, ग्रीक, बंगाली व आधुनिक यूरोपीय साहित्य एकाच विद्यार्थ्याने एकत्र वाचावे, ही त्या काळी धाडसाचीच योजना होती. पुढे दिल्ली, हैदराबाद इ. ठिकाणीही या अभ्यासाची केंद्रे निघाली. मुंबई विद्यापीठातील टागोरांच्या नावाच्या अध्यासनावर वसंत बापट आणि नंतर भालचंद्र नेमाडे यांनी काम केले.

अशा अभ्यासात प्रत्यक्षात काय घडते, हे गझलेच्या उदाहरणावरून ध्यानात येते. अरबीत उगम पावलेला हा काव्यप्रकार फार्सीत परिपक्व झाला व चौदाव्या शतकातील हाफिजच्या हातून त्याला पराकोटीचे रूप मिळाले. योझेफ फोन हामर याने केलेला हाफिजचा जर्मन अनुवाद गटेच्या हाती आला आणि त्यातून १८१९ मध्ये त्याचा ‘दिवान’ हा संग्रह निघाला. गटेने त्यातून घेतले ते मुख्यतः वातावरण : मदिरागृह, साकी, प्रेमिकांचा संवाद. काफिया व रदीफ यांची रचना त्याने क्वचितच सांभाळली; अनुवादातून ती त्याच्यापर्यंत पूर्णपणे पोचणे कठीणच होते. फार्सी जाणणाऱ्या र्‍यूकर्ट व प्लाटेन यांनी मात्र गझलेचा बंध जर्मनमध्ये उतरविला. मराठीतील वाट वेगळी आहे. माधव जूलियन (१८९४–१९३९) हे फार्सीचे प्राध्यापक व फार्सी–मराठी कोशाचे कर्ते. त्यांच्या ‘गज्जलांजली’त (१९३३) फार्सी वृत्ते आली, पण अनेक समीक्षकांच्या मते शेराचे स्वयंपूर्णत्व तीत पुरेसे आले नाही व पुष्कळ रचना एकसलग भावगीतासारख्या राहिल्या. उर्दू परंपरेशी जवळीक असलेल्या सुरेश भटांनी (१९३२–२००३) प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता असली पाहिजे, असा आग्रह धरला. म्हणजे मूळ भाषा न जाणणाऱ्या गटेला गझलेचा भाव मिळाला, तर मूळ भाषेच्या जाणकार पंडिताकडून मराठीला प्रथम वृत्त मिळाले आणि अंतर्रचना नंतर आली. मूळ भाषा येणे म्हणजे सर्व काही येणे नव्हे. पण ती न येता कोणती गोष्ट हातून निसटली, हे कळण्यास मार्गच उरत नाही. अनुवादाच्या आधारे केलेल्या अभ्यासाची खरी मर्यादा हीच होय.

हा प्रश्न आज सर्वत्र तीव्र झाला आहे. जगातील साहित्याचा आवाका पाहता सर्व भाषा कोणालाच शिकता येणार नाहीत. म्हणून फ्रांको मोरेत्ती याने २००० साली दूरस्थ वाचनाचा, म्हणजे मूळ कृतींऐवजी त्या त्या भाषेतील अभ्यासकांच्या निष्कर्षांवरून व्यापक आकृती शोधण्याचा, मार्ग सुचविला. डेव्हिड डॅमरॉश याने २००३ मध्ये अनुवादातून फिरणारे साहित्य हेच विश्वसाहित्य, अशी बाजू मांडली. त्याच वर्षी गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी जवळून वाचन व दक्षिणेकडील देशांच्या भाषा यांच्यावाचून ही ज्ञानशाखा जगणार नाही, असे प्रतिपादन केले. स्पिव्हाक यांचे म्हणणे भारतीय विद्यार्थ्याला अधिक लागू पडते. मराठी पदवीधर फ्रेंच कादंबरी इंग्रजीतून वाचतो, हे समजण्यासारखे आहे. शेजारची कन्नड कादंबरीही तो बहुधा अनुवादातूनच वाचतो, हे मात्र नवल होय.

वास्तविक भारतीय कादंबरीचा तौलनिक अभ्यास तिच्या नावापासूनच सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात आलेल्या या नव्या प्रकाराला मराठीने व कन्नडने बाणभट्टाच्या ग्रंथावरून ‘कादंबरी’ म्हटले, बंगालीने व हिंदीने ‘उपन्यास’, गुजरातीने ‘नवलकथा’. मलयाळम्, तमिळ व उर्दू यांनी इंग्रजी शब्दच आपल्या उच्चाराने स्वीकारला. कोठे प्राचीन परंपरेशी नाते जोडावेसे वाटले, तर कोठे नवेपणाची जाणीव प्रबळ ठरली. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या प्रश्नावर आहे. बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ (१८६५) ऐतिहासिक रम्यकथेच्या वाटेने जाते. चंतू मेनन यांच्या ‘इंदुलेखा’त (१८८९) इंग्रजी शिकलेली नायर तरुणी आपला वर स्वतः निवडते. तिन्हींमागे इंग्रजी वाचन आहे, पण प्रत्येकीचे सामाजिक कारण वेगळे आहे. केवळ प्रभावाची भाषा वापरली, तर हे वेगळेपण नजरेआड होते.

प्राचीन वाङ्‌मयातही असे दुवे विपुल आहेत. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या ‘गुरू ग्रंथसाहिबा’त समाविष्ट आहेत, ती व मराठी अभंगगाथा एकत्र वाचण्यासाठी गुरुमुखी लिपी, मध्ययुगीन हिंदी व जुनी मराठी या तिन्हींचा परिचय लागतो. म्हणूनच या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मातृभाषा व इंग्रजी यांखेरीज आणखी निदान एका भारतीय भाषेचे मूळ संहितेसह अध्ययन असणे आवश्यक ठरते. ते सोपे नाही : दोन वर्षांच्या मुदतीत भाषा शिकायची व तीतील साहित्यही वाचायचे, आणि शिकविणारा अध्यापक बहुधा दुसऱ्याच विभागात असतो.