बिनतारी इंटरनेट तारेच्या यंत्राला कसे जोडावे?



आता पुष्कळ घरांत वाय-फाय आले आहे. फोनला ते लगेच मिळते. पण गोठ्यावरच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर किंवा घरातला जुना कॉम्प्युटर यांना वाय-फाय पकडता येत नाही. त्यांच्या पाठीमागे फक्त तारेचा चौकोनी पोर्ट असतो. त्याला लॅन पोर्ट म्हणतात. मग कोणी सांगतो, "हे जुने झाले, नवीन घ्या." बंधूंनो, एवढ्यासाठी चालते यंत्र टाकून देण्याची गरज नाही. विहिरीला पाणी आहे, फक्त पाट काढायचा राहिला आहे. हवेतले वाय-फाय घेऊन ते तारेत सोडणारी एक छोटी पेटी मध्ये बसवली की काम होते.

आपण गोठ्याचे उदाहरण घेऊ. राऊटर घरात आहे, गोठा अंगणापलीकडे आहे आणि रेकॉर्डर गोठ्याच्या खोलीत आहे. रात्री गाय विण्याच्या बेतात असली किंवा कोणी मोटारीच्या केबलीला हात घातला, तर घरबसल्या फोनवर दिसावे, एवढीच आपली गरज आहे.

आधी हे तपासा

गोठ्यात, रेकॉर्डरच्या जागी उभे राहा. फोनचा मोबाईल डेटा बंद करून घरच्या वाय-फायवर एखादा व्हिडिओ लावा. तो न अडखळता चालला तर तिथे पेटीही चालेल. अडखळला तर घराकडच्या खिडकीजवळ जाऊन पुन्हा पाहा. पत्र्याची भिंत वाय-फाय अडवते, म्हणून पेटी पत्र्याआड ठेवू नये. ती खिडकीत ठेवावी आणि तिथून रेकॉर्डरपर्यंत तार न्यावी. राऊटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतील, तर २.४ चा पट्टा वापरावा. तो भिंतीतून जास्त लांब पोचतो.

पेटी कोणती घ्यावी?

१. घरात जुना राऊटर पडून असेल तर आधी तो पाहावा. त्याच्या सेटिंगमध्ये 'क्लायंट', 'ब्रिज' किंवा 'विस्प' यांपैकी एखादा प्रकार असला तर फुकटात काम होईल. प्रत्येक राऊटरमध्ये ही सोय नसते.

२. नसल्यास लॅन पोर्ट असलेला वाय-फाय एक्स्टेंडर घ्यावा. दुकानात विचारून, पोर्ट डोळ्यांनी पाहूनच घ्यावा. काही एक्स्टेंडरना तो नसतो.

३. फक्त कॉम्प्युटरचाच प्रश्न असेल तर यूएसबीचा छोटा वाय-फाय डोंगल पुरतो. तात्पुरत्या कामाला, समजा ऑनलाइन अर्ज भरायचा आहे, तर फोन चार्जिंगच्या केबलीने कॉम्प्युटरला जोडावा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. केबल मात्र डेटा नेणारी हवी. काही केबली नुसत्या चार्जिंगच्याच असतात.

जोडणीची रीत

हे काम घरातच, मुख्य राऊटरजवळ बसून उरकावे. गोठ्यात फक्त बसवायला जावे.

१. जुन्या राऊटरच्या बुडाला चिठ्ठी असते. तिच्यावर त्याचा पत्ता व पासवर्ड छापलेला असतो. राऊटरला फोन किंवा लॅपटॉप जोडून तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा.

२. वर सांगितलेला प्रकार निवडावा. घरच्या वाय-फायचे नाव यादीतून घेऊन त्याचा पासवर्ड भरावा. लहान-मोठे अक्षर चुकले तरी जोडणी होत नाही.

३. दोन्ही राऊटरचा पत्ता एकच असेल, समजा १९२.१६८.१.१, तर गोंधळ होतो. अशा वेळी जुन्याचा पत्ता १९२.१६८.२.१ असा करावा.

४. पेटीच्या लॅन पोर्टमधून तार काढून रेकॉर्डरला लावावी. वॅन लिहिलेल्या पोर्टला लावू नये.

५. रेकॉर्डरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'डीएचसीपी' चालू करावे, म्हणजे त्याला पत्ता आपोआप मिळतो. मग कंपनीचे ॲप फोनवर घेऊन रेकॉर्डर त्यात जोडावा.

नुसती तार का टाकू नये?

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, सरळ तारच ओढू. एकाच इमारतीत असेल तर जरूर ओढावी. तार वाय-फायपेक्षा भरवशाची असते. तिची मर्यादा १०० मीटर आहे. पण घर आणि गोठा वेगवेगळे असतील, तर दोन्हींच्या मध्ये उघड्यावर तांब्याची तार ताणू नये. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर त्या तारेवाटे दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. मध्ये वाय-फाय ठेवले तर हा धोका टळतो. विजेच्या खांबाला ही तार बांधू नये, आणि मोटारीच्या केबलीबरोबर एकाच पाइपातूनही नेऊ नये.

गोठा लांब शेतात असेल आणि घरावरून तो सरळ दिसत असेल, तर बाहेर बसवायच्या बिनतारी ब्रिजची जोडी मिळते. एक घरावर, दुसरी गोठ्यावर, तोंडे समोरासमोर. मध्ये झाडाची फांदी येता कामा नये.

डेटाचा हिशेब

रेकॉर्डर चित्रे आपल्याच डिस्कवर साठवतो. इंटरनेट गेले तरी चित्रीकरण चालू राहते. डेटा लागतो तो लांबून पाहताना. एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने येत असेल, तर तासाला सुमारे ९०० एमबी आणि दिवसभर चालू ठेवल्यास २१ जीबीच्या वर जातात. घरचे वाय-फाय सिमकार्डावर चालत असेल, तर गरजेपुरते पाहून ॲप बंद करावे आणि ॲपमध्ये हलक्या दर्जाचे चित्र निवडावे.

वीज गेली की घरचा राऊटर, गोठ्यातली पेटी, रेकॉर्डर आणि कॅमेरे सगळेच थांबते. या चौघांनाही बॅटरीचा आधार द्यावा. एकालाच देऊन उपयोग नाही.

सर्वांत महत्त्वाचे

रेकॉर्डर इंटरनेटला जोडण्याआधी त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर व राऊटर ताब्यात घेतले होते. चोरावर नजर ठेवायला लावलेला कॅमेरा चोराच्याच हाती जायला नको. नवा पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. बसवून देणाऱ्या कारागिराला तो सांगावा लागला असेल, तर काम झाल्यावर पुन्हा बदलावा.

तेव्हा बंधू-भगिनींनो, नवीन यंत्राचे पैसे मोजण्याआधी एक संध्याकाळ घरातल्या जुन्या राऊटरला द्या. शाळा-कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा सोबत घ्या. जोडणी कुठे अडली तर पेटीवर छापलेले मॉडेल आणि पडद्यावर आलेला मजकूर कार्डावर लिहून पाठवा. पासवर्ड मात्र लिहू नका. कार्यक्रमातून उत्तर देऊ.