एक्का मोठा की दश्शी?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी माझी भाची अंबडहून जालन्याला आमच्याकडे राहायला आली होती. सहा महिने ही पोरगी पहाटे चारला उठून धावत होती. चाचणी दोन दिवसांवर आली आणि तिनं उठणंच सोडलं. कारण विचारलं, तर मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘‘मामू, हे बघा. माझ्या नावानं दहा तलवारी निघाल्या. दहा म्हणजे शेवट. मी नाही जात.’’

पडद्यावर टॅरोचा पत्ता होता. एक माणूस पालथा पडलेला, त्याच्या पाठीत दहा तलवारी रुतलेल्या. चित्र पाहून मीही क्षणभर चरकलो.

आमच्यात भविष्य पाहणं वर्ज्य मानतात. तेवढं सांगून तिला गप्प करता आलं असतं. पण भीती तशी गप्प होत नाही. म्हणून म्हटलं, बस, आधी हे पत्ते काय आहेत ते समजून घेऊ.

टॅरोच्या संचात ७८ पत्ते असतात. त्यांतले २२ मोठे, उरलेले ५६ लहान. लहान पत्त्यांचे चार गट : प्याले, तलवारी, काठ्या आणि नाणी. प्रत्येक गटात चार दरबारी पत्ते आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत आकड्यांचे दहा. हे ४० आकडी पत्ते वाचण्याची रीत सोपी आहे. गट सांगतो विषय, आकडा सांगतो टप्पा. प्याला म्हणजे मन, तलवार म्हणजे विचार आणि झगडा, काठी म्हणजे उमेद, नाणं म्हणजे पैसा-अडका. एक म्हणजे सुरुवात, दोन म्हणजे जोडी किंवा निवड, तीन वाढ, चार स्थैर्य. पाचावर घडी मोडते, सहावर पुन्हा बसते. सात कसोटी, आठ हालचाल, नऊ जवळजवळ पूर्ण आणि दहा म्हणजे फेरा संपला. पाच प्याल्यांच्या पत्त्यात तीन प्याले सांडलेले दिसतात, पण माणसाच्या पाठीमागे दोन उभेच असतात. म्हणजे पाचाची मोडतोडही पुरती मोडतोड नसते.

आता हा अर्थ आला कुठून? इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळात प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार गट असलेले पत्ते होते. तसा एक संच इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही आहे. असे पत्ते युरोपात गेले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत त्यांना आणखी चित्रं जोडून टॅरो तयार झाला, तोही खेळण्यासाठी. त्यात प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान दडलं आहे, असं कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं १७८१ मध्ये लिहिलं, पुरावा काही न देता. भाचीनं पाहिलेलं चित्र तर १९०९ मध्ये लंडनला निघालेल्या संचातलं. ते पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं काढलं. त्याआधीच्या बहुतेक संचांत दहा तलवारी म्हणजे नुसत्या दहा तलवारी असायच्या. पाठीत रुतलेल्या नव्हे. थोडक्यात, पत्ते आधी आले, अर्थ मागाहून.

आपल्याकडेही पत्ते होतेच. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. हातानं रंगवलेले गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे एकूण १२० पत्ते. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. दिवसा खेळताना सुरुवात रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या. आणि खरी गंमत पुढे आहे. पाच गटांत दश्शी सर्वांत मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच गटांत उलटं. तिथे प्रधानाच्या खालोखाल मान एक्क्याला आणि दश्शी शेवटी! मोगली गंजिफेतही हाच नियम. तिथे गटांना ‘बेशबर’ आणि ‘कमबर’ म्हणत. अकबराच्या दरबारातल्या गंजिफेचं वर्णन अबुल फजलनं ‘आईन-इ-अकबरी’त केलं आहे. हा अबुल फजल काही काळ आपल्या जालन्यात राहिला होता, असं गॅझेटियर सांगतं.

भाचीला विचारलं, ‘‘आता सांग, दहा मोठे की लहान?’’

ती म्हणाली, ‘‘डाव कुठला, त्यावर आहे.’’

मला एवढंच हवं होतं. आकड्याला अर्थ माणसं देतात. आपण म्हणतो तीन तिघाडा, काम बिघाडा. टॅरोत तीन प्याले म्हणजे मैत्रिणींचा आनंदाचा नाच. आमच्याकडे ७८६ आकडा दिसला की हात छातीशी जातो, कारण अबजद पद्धतीनं बिस्मिल्लाहच्या अक्षरांची ती बेरीज आहे. मी कवी आहे, मात्रा मोजण्यात आयुष्य गेलं. आकड्यात सौंदर्य आहे, हे मी नाकारणार नाही. त्याच्याकडे पाहून माणूस मनातलं बोलू शकतो, हेही खरं. पण आकडा आपली पावलं अडवू लागला, तर त्याला विचारावं, बाबा, हा नियम कुणी केला?

मग आम्ही ते चित्र पुन्हा पाहिलं. वर आभाळ काळं आहे, पण क्षितिजावर पिवळा उजेड आहे. तिच्या ते आधी लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला दाराची कडी वाजली. ती धावायला निघाली होती.

चाचणीला ती गेली, ८०० मीटर धावलीही. निकाल मात्र मी मुद्दाम सांगत नाही. पास झाली म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, पत्ता खोटा ठरला. नापास झाली म्हटलं, तर म्हणाल, खरा ठरला. दोन्हीकडून मोठेपणा पत्त्यालाच. आणि सहा महिने पहाटे धावली कोण?