जुनी मोटरसायकल ‘व्हिंटेज’ केव्हा ठरते?

घराच्या पडवीत अनेक वर्षे झाकून ठेवलेली जावा, येझदी किंवा बुलेट पुन्हा सुरू करणे ही आता केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. गाडीचे वय, तिचे मूळ रूप आणि तिची कागदपत्रे या तिन्ही गोष्टींचा मेळ बसला, तरच ती कायद्याने जतन करण्यायोग्य ठरते. गॅरेजमध्ये घाईने घेतलेला एखादा निर्णय गाडीचा हा दर्जा कायमचा हिरावून घेऊ शकतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी प्रथमच देशभर लागू होणारी नोंदणीपद्धत आणली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ रूपात राखलेली आणि सांगाडा, बाह्यभाग वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी आणि चारचाकी वाहने या व्याख्येत येतात.

नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क असून नोंदणी १० वर्षांसाठी वैध असते. नव्याने नोंदलेल्या वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ज्या वाहनांची पूर्वीच नोंदणी झालेली आहे, त्यांना आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. अनेक कुटुंबांच्या दृष्टीने हा क्रमांक गाडीइतकाच मोलाचा असतो.

या सवलतीला मर्यादाही आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेले वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या वाहनांची रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नियमित किंवा व्यावसायिक वापरास परवानगी नाही. रोज कार्यालयात जाण्यासाठी जुनी बुलेट वापरणाऱ्याने अर्ज करण्यापूर्वी याचा विचार करणे आवश्यक ठरते.

मधली पस्तीस वर्षे

खरी अडचण पन्नाशीच्या आधीची आहे. खासगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजेच व्हिंटेज ठरण्यापूर्वी गाडीला सात वेळा या प्रक्रियेतून जावे लागते. १५ वर्षांवरील मोटरसायकलचे नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटरसायकलींसाठी ते २ हजार रुपये करण्यात आले. महाराष्ट्रासह काही राज्यांत पर्यावरण करही द्यावा लागतो.

भारतात आज सर्वाधिक जिव्हाळ्याने जपल्या जाणाऱ्या अनेक गाड्या नेमक्या याच टप्प्यात आहेत. म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार झालेल्या आरंभीच्या जावा गाड्यांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली. मात्र याच कारखान्याची १९७८ मध्ये आलेली येझदी रोडकिंग २०२८ पूर्वी या व्याख्येत बसू शकत नाही. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या राजदूत ३५० ला २०३३ पर्यंत, तर १९८५ च्या यामाहा आरएक्स १०० ला २०३५ पर्यंत वाट पाहावी लागेल.

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात स्थिती अधिक बिकट आहे. तेथे १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा वाहनांच्या मालकांना कारवाईपासून तात्पुरते संरक्षण दिले. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये ते भारत स्टेज ४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. जुन्या दुचाकी या मानकांच्या कितीतरी आधीच्या आहेत.

दुरुस्ती की फेरबदल?

झिजलेले सुटे भाग बदलणे आणि गाडीचे रूप बदलणे यांत फरक आहे. पिस्टनच्या कड्या, बेअरिंग, केबल, टायर किंवा दिव्यांच्या तारा बदलल्याविना कोणतेही जुने यंत्र चालू शकत नाही. मात्र सांगाडा कापून मागचा भाग आखूड करणे, दुसऱ्या गाडीचे इंजिन बसविणे किंवा सांगाड्यावरील क्रमांक घासून रंगाखाली दडपणे यामुळे गाडीचे मूळ रूप नष्ट होते. इंजिन बदलल्यास त्याची परिवहन कार्यालयात नोंद होणे आवश्यक असते.

त्यामुळे जुनी मोटरसायकल विकत घेताना रंग आणि चकाकी यांपेक्षा इंजिन व सांगाड्यावरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतात का, हे आधी पाहणे हिताचे ठरते. दिल्लीतील करोल बाग किंवा बंगळूरमधील शिवाजीनगर येथील बाजारांत जुने सुटे भाग मिळू शकतात. हरवलेले नोंदणी पुस्तक मिळत नाही.

यंत्राच्या दुरुस्तीतही संयम लागतो. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसची सील गळू लागली की हवा आणि इंधनाचे प्रमाण बिघडते आणि गाडी सुरू होणे कठीण होते. जुन्या जावामध्ये तेल वेगळ्या टाकीत नसते. ते पेट्रोलमध्येच ठरावीक प्रमाणात मिसळावे लागते. तेल कमी पडल्यास पिस्टन जाम होऊ शकतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना अपाय करू शकते. त्यामुळे गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करणे, तसेच नळ्या बदलून घेणे योग्य.

रस्त्यावरील सवय

अशी गाडी चालविणे हेही नव्याने शिकावे लागते. जुन्या बुलेटमध्ये गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असतो, म्हणजे आजच्या मोटरसायकलींच्या नेमका उलट. जावामध्ये किक आणि गिअर यांसाठी एकच दांडा आहे. ड्रम ब्रेकमुळे गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते आणि सहा व्होल्टच्या दिव्याचा प्रकाश रात्रीच्या महामार्गावर अपुरा पडतो. म्हणूनच नव्याने उभी केलेली गाडी आरंभी मोकळ्या रस्त्यावर, दिवसाउजेडी आणि कमी वेगात चालविणे श्रेयस्कर असते.

विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र वैध राखणे, नूतनीकरणाची तारीख न चुकविणे, बदललेल्या भागांच्या पावत्या जपणे आणि काढलेले मूळ भाग भंगारात न देणे, एवढी काळजी घेतली तरी पुढचे बरेचसे प्रश्न टळतात. वडिलांनी घेतलेली येझदी मुलाच्या हाती व्हिंटेज म्हणून येईल की भंगार म्हणून, हे पन्नासाव्या वर्षी नव्हे, तर त्याआधीच्या या पस्तीस वर्षांतच ठरत असते.