जपानी बँड : तळघरातील मंचापासून ‘बुदोकान’पर्यंतचा खडतर प्रवास

ध्वनिमुद्रित संगीताच्या बाजारपेठेत अमेरिकेखालोखाल जपानचा क्रमांक लागतो. तेथील पॉप आणि रॉक बँडची कारकीर्द ठरलेल्या टप्प्यांनी पुढे सरकते. हे टप्पे लक्षात घेतले, तर यशाच्या शिखरावर पोहोचण्यासाठी कलावंतांना कोणती किंमत मोजावी लागते आणि नवी पिढी वेगळी वाट का शोधते, याचा उलगडा होतो.

पहिला टप्पा ‘लाइव्ह हाउस’चा. शहरांतील ही लहान सभागृहे पुष्कळदा तळघरांत असतात. नवोदित बँडला तेथे मंच मिळतो. पण अनेक ठिकाणी ठरावीक संख्येने तिकिटे खपवण्याची अट असते. जपानीत तिला ‘नोरुमा’ म्हणतात. तिकिटे उरली, तर त्यांची रक्कम बँडलाच भरावी लागते. त्यामुळे दिवसा अर्धवेळ नोकरी आणि रात्री वादन असा अनेकांचा दिनक्रम असतो. श्रोता मिळण्याआधी कलावंत स्वतःच सभागृहाचा ग्राहक ठरतो.

त्यानंतर लहान, स्वतंत्र कंपनीतर्फे ध्वनिमुद्रण आणि पुढे मोठ्या कंपनीतर्फे पदार्पण. ‘मेजर डेब्यू’ या नावाने ओळखला जाणारा हा दिवस बँडच्या चरित्रात जन्मतिथीसारखा नोंदवला जातो. पुढचे स्वप्न असते टोकियोतील निप्पॉन बुदोकानचे. १९६४ च्या ऑलिम्पिकमधील ज्युदो स्पर्धांसाठी उभारलेल्या या वास्तूत १९६६ मध्ये ‘बीटल्स’ने कार्यक्रम केले आणि तेव्हापासून तेथे वाजवणे ही प्रतिष्ठेची खूण बनली. त्याहून मोठा मान सुमारे ५० हजार प्रेक्षकांच्या ‘टोकियो डोम’चा.

या सर्व पायऱ्या चढलेला बँड म्हणजे ‘एक्स जपान’. योशिकी आणि तोशी या बालमित्रांनी १९८२ मध्ये चिबा प्रांतात तो स्थापन केला. मोठ्या कंपन्यांची वाट न पाहता योशिकी यांनी ‘एक्स्टसी रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि १९८८ मध्ये तिच्यातर्फे पहिला अल्बम आणला. पुढच्याच वर्षी बँडचे मोठ्या कंपनीतर्फे पदार्पण झाले. उंच उभारलेले केस, भडक रंगभूषा आणि वेगवान वादन यांतून ‘व्हिज्युअल केई’ ही शैली देशभर पोहोचली. ‘लूना सी’ आणि ‘ग्ले’ या बँडच्या उभारणीलाही योशिकी यांच्या कंपन्यांचा हातभार लागला.

मात्र या यशाची दुसरी बाजू कठोर होती. तोशी बाहेर पडल्याने १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. ३१ डिसेंबरला टोकियो डोममध्ये अखेरचा कार्यक्रम झाला आणि पुढच्या मे महिन्यात गिटारवादक हिदे यांचे निधन झाले. २००७ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला. परंतु १९९६ नंतर त्यांचा नवा स्टुडिओ अल्बम आलेला नाही. ड्रमवादनाच्या ताणामुळे योशिकी यांच्या मानेवर २००९, २०१७ आणि २०२४ मध्ये शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

जुन्या व्यवस्थेचा आर्थिक आधार होता सीडी. तिची किरकोळ किंमत कंपनीने ठरवण्याची मुभा जपानी कायदा देतो. त्यामुळे दुकानांतील किंमतयुद्धापासून हा व्यवसाय सुरक्षित राहिला. विक्रीने १९९८ मध्ये उच्चांक गाठला आणि नंतर उतरण लागली. तरीही सीडीचे स्थान तेथे इतर देशांपेक्षा दीर्घकाळ टिकले आणि ऑनलाइन श्रवणसेवांचा प्रसार उशिरा झाला.

या बदलाचा लाभ ‘योआसोबी’ या जोडीने घेतला. लघुकथांवर गाणी रचणाऱ्या या जोडीचे ‘योरु नि काकेरु’ हे गीत २०१९ मध्ये इंटरनेटवर आले आणि सीडी न काढताही २०२० च्या ‘बिलबोर्ड जपान’ वार्षिक यादीत अव्वल ठरले. २०२३ मध्ये त्यांचे ‘आयडॉल’ हे गीत अमेरिका वगळून काढल्या जाणाऱ्या बिलबोर्डच्या जागतिक यादीतही पहिल्या क्रमांकावर गेले. भारताशीही नवे धागे जुळत आहेत : नवी दिल्लीतील ‘ब्लडीवुड’ आणि जपानच्या ‘बेबीमेटल’ यांनी ‘बेखौफ’ हे गीत एकत्र सादर केले आहे.

तिकिटे खपवल्याशिवाय श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग आता खुला झाला आहे. तरीही योआसोबीनेही डिसेंबर २०२१ मध्ये बुदोकानचाच मंच गाठला. वाट बदलली, तरी मुक्काम बदललेला नाही.