हजाराची खूण : नाणेघाट, चम्मक आणि चीन

बँकेत धनादेश लिहिताना आपण रक्कम दोनदा लिहितो, एकदा अंकांत आणि एकदा अक्षरांत. ‘अक्षरी रुपये पाच हजार मात्र’ हे शब्द लिहिण्याचा कंटाळा सर्वांनाच येतो. पण ही दुहेरी नोंद बँकांनी काढलेली नव्हे. ती आपल्या विदर्भाच्या मातीत पंधराशे वर्षांपूर्वी सापडते. अचलपूरजवळच्या चम्मक या गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला. त्यात गावच्या जमिनीचे माप आठ हजार भूमी असे आधी शब्दांनी सांगितले आहे आणि लगेच पुढे अंकचिन्हाने ८००० असे कोरले आहे. राज्याचे अठरावे वर्षही तसेच, आधी शब्दांत आणि मग चिन्हांत. या प्रवरसेनाचे आजोळ म्हणजे मगधाचे गुप्त घराणे. त्याची माता प्रभावतीगुप्ता हिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. तेव्हा ही हकीगत आम्हां नागपूरकरांच्या अगदी अंगणातली आहे.

मात्र ताम्रपटावरचे हे ८००० आपण आज लिहितो तसे नाही. तेथे आठाच्या पुढे तीन शून्ये नाहीत. शून्य मुळी नाहीच. तेथे हजाराचे म्हणून एक स्वतंत्र चिन्ह आहे आणि त्या चिन्हाला आठाचे चिन्ह जोडले आहे. अठरा लिहायचे तर दहाचे एक चिन्ह आणि त्यापुढे आठाचे. दहा, वीस, तीस अशा प्रत्येक दशकाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. आज आम्ही दहा अंकांत जगाचा हिशेब मांडतो, तेथे त्या लेखनिकाला वीस चिन्हे पाठ करावी लागत.

ही पद्धत महाराष्ट्रात किती जुनी आहे हे पाहायचे तर जुन्नरजवळ नाणेघाट चढावा लागतो. कोकणातून देशावर येणाऱ्या या व्यापारी वाटेच्या माथ्यावर एक लेणे आहे आणि त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानतात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात त्यातील अंक उलगडले. लेख आहे यज्ञांचा आणि दक्षिणांचा. कोठे बारा गाई व एक घोडा, तर कोठे हजारांनी मोजलेले कार्षापण. बारा गाईंच्या ठिकाणी आधी ‘बारा’ हा प्राकृत शब्द आणि मग दहा व दोन यांची चिन्हे. एका ठिकाणी दक्षिणा आहे चोवीस हजार चारशे कार्षापणांची. ती लिहिली आहे वीस हजार, चार हजार, चारशे अशी तीन चिन्हांनी, जशी आपण तोंडाने म्हणतो तशीच. धर्मभावनेने दिलेल्या दानाचा हिशेब इतका काटेकोर ठेवावा याचे काहींना नवल वाटते. आम्हांला वाटत नाही. जो देतो त्याला आकडा पाठ असतो.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तर आकड्यांचे गणितही ताडून पाहता येते. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने सत्तर हजार कार्षापण दिल्याची नोंद आहे आणि एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण या भावाने त्याचे दोन हजार सुवर्ण होतात असेही कोरले आहे. पस्तीस गुणिले दोन हजार, बरोबर सत्तर हजार. याच उषवदाताने तीन हजार कार्षापण संघासाठी ठेव म्हणून विणकरांच्या दोन श्रेणींत गुंतवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. खडकावर कोरलेले ठेवीचे पुस्तकच म्हणा ना!

आता या हजाराच्या चिन्हाची एक मौज. दोन हजार लिहायचे तर त्याला एक आडवी रेघ जोडीत, तीन हजारांना दोन रेघा. चारापासून पुढे त्या त्या अंकाचे चिन्ह जोडीत. हुबेहूब याच जातीची युक्ती हिमालयापलीकडे, चीनमध्ये, याहूनही पुष्कळ आधी सापडते. तेथील आनयांग येथे शांग राजवटीच्या काळातील, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीची, भविष्य पाहण्याची हाडे आणि कासवाची कवचे सापडली. १८९९ मध्ये विद्वानांचे त्यांवरील अक्षरांकडे लक्ष गेले. त्यांत हजाराची खूण आहे ती अशी : उभ्या माणसाची आकृती आणि तिच्या अंगावर एक आडवी रेघ. दोन रेघा मारल्या की दोन हजार, तीन मारल्या की तीन हजार. माणसाचा आणि हजाराचा अर्थाने काही संबंध नाही. प्राचीन चिनी भाषेत या दोन शब्दांचे उच्चार जवळचे होते, म्हणून उच्चारासाठी माणसाचे चित्र उसने घेतले, असे जाणकार सांगतात. आजच्या चिनी अक्षरातही तो माणूस ओळखू येईल इतपत शिल्लक आहे.

मग आम्ही चिन्यांकडून घेतले की त्यांनी आमच्याकडून? असा प्रश्न विचारण्याचा मोह होतो आणि पूर्वीच्या काही पंडितांना तो झालाही. परंतु एक, दोन, तीन यांना एक, दोन, तीन रेघा मारणे ही बुद्धी कोणालाही सुचेल. दुधाचा रतीब भिंतीवर मांडणाऱ्या गवळ्याने ती कोणाकडून उसनी घेतली नव्हती. एवढ्या साम्यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही, असे आमचे मत आहे.

देवाणघेवाण झाली ती दुसऱ्या वाटेने. चिनी अक्षर कोरिया, जपान, व्हिएतनाम या देशांत गेले. हजाराचे तेच अक्षर पाहून चिनी मनुष्य ‘चिएन’ म्हणतो, जपानी ‘सेन’, कोरियन ‘छन’, तर व्हिएतनामी परंपरेत त्याचा उच्चार ‘थिएन’. जपानी माणूस त्याच अक्षराला आपला देशी शब्द ‘ची’ हाही लावतो. टोकियोशेजारच्या ‘चिबा’ या नावाचा अक्षरार्थ ‘हजार पाने’. हे आम्हांला अपरिचित वाटू नये. सीताबर्डीवर बसच्या पाटीवरचा ५ हा आकडा मराठी माणूस ‘पाच’ वाचतो, हिंदी भाषिक ‘पांच’ आणि तेलुगू भाषिक ‘ऐदु’. आपल्याकडे ही सोय अंकांपुरती आहे, चिनी लिपीत ती सगळ्या शब्दांना आहे.

आणि या अक्षरावर बसून आपला एक शब्द तिकडे गेला आहे. विष्णूची नावे सहस्र, तसे बौद्धांच्या अवलोकितेश्वराचे एक रूप सहस्रभुज. सातव्या शतकात त्याविषयीचे ग्रंथ चिनीत उतरले तेव्हा ‘सहस्र’च्या जागी हेच हजाराचे अक्षर बसले. जपानात या देवतेला ‘सेन्जू कान्नोन’, म्हणजे हजार हातांची कान्नोन, म्हणतात. क्योतोच्या सान्जूसान्गेन्दो मंदिरात तिच्या १००१ मूर्ती उभ्या आहेत. मूर्तीला हजार हात कसे करायचे? शिल्पकारांनी जोडलेले दोन हात सोडून चाळीस हात केले. प्रत्येक हात पंचवीस लोकांचा उद्धार करतो, म्हणून चाळीस गुणिले पंचवीस, हजार पुरे!

रेघेची सोय होती तशी तिची भीतीही होती. एक हजाराच्या सनदेवर कोणी रात्रीतून एक रेघ वाढवली तर दोन हजार होतात. चिनी लिपीत एकाचे दोन आणि तीन करणे तर पोरखेळ. म्हणून तेथे हिशेबाच्या कागदांवर मुद्दाम अवघड, अनेक रेघांची अक्षरे वापरण्याचा प्रघात पडला. हजाराच्या अक्षराला डावीकडे आणखी एक माणूस जोडतात. चिनी धनादेशांवर ते आजही तसेच लिहितात. आमच्या लेखनिकांनी दुसरा उपाय केला. अंकाशेजारी शब्द लिहिला, ज्यात रेघ घुसडायला जागाच नाही. चम्मकच्या दानात एक हजार ब्राह्मणांना जमीन दिल्याचे म्हटले आहे आणि नावे मात्र एकोणपन्नासच आहेत. पण जमिनीचे माप शब्दांत आणि चिन्हांत दोन्हीकडे आठ हजार. वतनाची भांडणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या काळजीचे मोल सांगायला नको. हे ताम्रपट एकत्र आणून त्यांचे शुद्ध पाठ नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ च्या वाकाटक लेखांच्या खंडात दिले, म्हणून हे सारे आम्ही घरबसल्या वाचू शकतो.

पुढे स्थानमूल्य आले, शून्य आले. ग्वाल्हेरच्या इसवी सन ८७६ च्या लेखात २७० आजच्यासारखे शून्य देऊन कोरले आहेत. एकदा शून्य हाताशी आल्यावर हजाराचे वेगळे चिन्ह कोण पाठ करणार? ते हळूहळू गेले. चीनमध्येही शून्य पोचले आणि नेहमीचे हिशेब आज तेथेही याच दहा अंकांत होतात. पण तेथले हजाराचे अक्षर हा भाषेतला शब्दच असल्यामुळे ते टिकले. जपानच्या हजार येनच्या नोटेवर ते आजही छापलेले असते. आमच्याकडे चिन्हामागून शब्दही बदलला. सहस्र पूजेत राहिले आणि बाजारात फारसीतून आलेला ‘हजार’ बसला. वास्तविक तो परका नव्हे. प्राचीन इराणी भाषेतील त्याचे मूळ आणि ‘सहस्र’ हे एकाच घराण्यातले. कानडीत मात्र ‘सहस्र’च झिजून ‘साविर’ झाला, आणि सोलापूरच्या बाजारात तो आजही कानावर पडतो.