कामगारांच्या वतीने बोलणार कोण?

मालक म्हणतात, युनियन आली की शिस्त गेली. कामगार म्हणतात, युनियन नसेल तर दाद कुठे मागायची? मुंबईच्या गिरण्यांपुरते बोलायचे तर हा वाद बहुतेक वेळा एकाच प्रश्नापाशी येऊन अडला : कामगारांचा प्रतिनिधी ठरवायचा कोणी?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये ‘बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन’ काढली, तेव्हा तिच्याकडे ना वर्गणी होती ना नियमावली. सभा, अर्ज आणि चिकाटीच्या जोरावर १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. पण गिरणीच्या आत सत्ता जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची. कामावर घेणार तोच, काढणार तोच. गैरहजर माणसाच्या जागी काम करणारा बदली कामगार पाळीच्या वेळी दारात उभा राही. आज बदली भरायला मिळणार की हात हलवत खोलीवर परतायचे, हे जॉबरच्या मर्जीवर. ती मर्जी राखायची तर दस्तुरी, म्हणजे लाच, मोजावी लागे.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिच्या गिरणी कमिट्या जॉबरला वळसा घालून थेट व्यवस्थापकाशी बोलू लागल्या. तरी ही एकजूट सगळ्यांची नव्हती. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, धोट्यातून सूत ओढायला तोंड लावावे लागे, म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव. आणि पगार जास्त तो नेमका त्याच खात्यात. डॉ. आंबेडकरांनी याबद्दल संपाच्या नेत्यांना जाब विचारला.

अहमदाबादने निराळी वाट धरली. १९१८ च्या तिथल्या गिरणी कामगारांच्या पगारवाढीच्या लढ्यात अनसूया साराभाई कामगारांच्या बाजूने, तर त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल मालकांच्या. गांधीजींच्या उपोषणानंतर प्रकरण लवादाकडे गेले आणि ३५ टक्के पगारवाढ मंजूर झाली. दोन्ही बाजूंना मान्य असलेला पंच होता, म्हणून हे जमले.

मुंबईत मात्र मध्यस्थी कायद्याने लादली. आधी समेटाची प्रक्रिया, मगच संप, असे बंधन घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात एकत्र आले. विधेयक तरीही मंजूर झाले. पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन मानली. तीही गुप्त मतदानाने नव्हे, सभासदांच्या नोंदीवरून. दहा पुढाऱ्यांशी दहा करार करणे कोणत्याही मालकाला परवडत नाही, हे खरे. पण ज्या युनियनवर कामगारांचा भरवसा नाही तिच्याशी केलेला करार टिकत नाही, हेही तितकेच खरे.

मुंबईत १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून हे उघडे पडले. राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त युनियनने पत्करलेला बोनस अमान्य करून कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर. पगारवाढीबरोबर १९४६ चा तो कायदा रद्द करा, ही मागणी होती. मालक आणि सरकार मान्यताप्राप्त युनियनकडे बोट दाखवत राहिले. सामंतांनीही माघारीची वाट ठेवली नाही. कामगारांनी कोकण, सातारा, कोल्हापूरची गावे गाठली, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला.

प्रतिनिधी ठरवायचा कोणी, हा प्रश्न आजही आहेच. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा हक्क आहे. संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची आहे. पाठिंबा पडताळायची पद्धत मात्र नियमांवर सोडली आहे. शिवाय कंत्राटी कामगाराचे नाव मूळ कंपनीच्या पटावर नसतेच; म्हणजे तो मोजलाच जाणार नाही. ही पडताळणी गुप्त मतदानानेच व्हावी, आणि कंत्राटी कामगारालाही त्यात मत असावे. मुंबईतला गिरण्यांचा भाग, गिरणगाव, उद्ध्वस्त झाल्यावर तरी एवढे शहाणपण मालकांनी, पुढाऱ्यांनी आणि सरकारने दाखवायला हवे.